26 आठवडे म्हणजे 182 दिवस

रबाळे असो, महापे असो की वागळे इस्टेट, नवी मुंबई-ठाण्याच्या कुठल्याही औद्योगिक भागात बाळंतपणाच्या रजेचा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं: "सहा महिने मिळतात ना?" पैसे बुडायला तिथूनच सुरुवात होते. मातृत्व लाभाच्या कायद्यात सहा महिने कुठेच लिहिलेले नाहीत. 26 आठवडे आहेत, आणि आठवडा म्हणजे रविवार धरून सात दिवस. सर्वोच्च न्यायालयाने हे 1977 सालीच बी. शाह खटल्यात सांगून टाकलंय.

रोजावर काम करणाऱ्या बाईचा हिशोब मांडून बघा. रजेवर जाण्याआधीच्या तीन महिन्यांत भरल्या 78 हजेऱ्या, मजुरी झाली ₹78,000. म्हणजे सरासरी रोज ₹1,000. गुणिले 182 केले की ₹1,82,000. पगार काढणारा मात्र महिन्याचे ₹26,000 गुणिले सहा करतो आणि ₹1,56,000 देऊन मोकळा होतो. ₹26,000 कमी आले हे तिच्या लक्षातही येत नाही.

पात्रतेला लागतात 80 दिवस, प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या 12 महिन्यांत. यात पगारी सार्वजनिक सुट्ट्या आणि ले-ऑफचे (काम नसल्याने मालकाने बसवून ठेवल्याचे) दिवसही धरायचे. "कायम नाहीस, मस्टरवर (रोजंदारीच्या हजेरीपटावर) आहेस" हे कारण चालत नाही. दिल्ली महापालिकेच्या मस्टरवरच्या कामगार महिलांच्या बाजूने 2000 साली निकाल लागलेला आहे. खरी गोची ठेकेदार बदलला की होते. गेटवर बाई तीच, पण जुन्या ठेकेदाराच्या हजेरीचा कागद गायब. म्हणून हजेरी कार्ड आणि पगाराच्या पावतीचा फोटो दर महिन्याला काढून ठेवावा.

आता अर्ज. तोंडी सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. अर्जात तीन गोष्टी हव्यात: रजा कोणत्या तारखेपासून, पैसे कोणाला द्यायचे, आणि या काळात दुसरीकडे काम करणार नाही. डॉक्टरांनी प्रसूतीची तारीख 10 मार्च 2026 दिली असेल, तर रजा लवकरात लवकर 13 जानेवारीपासून, कारण आधीचे आठवडे आठच. 182 दिवस 13 जुलैला भरतात, कामावर 14 ला. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सहीची पोच घ्यायची. शिक्का मारायला कुरकुर केली तर स्पीड पोस्ट. अर्ज आधी द्यायचा राहून गेला तरी हक्क जात नाही, प्रसूतीनंतर लगेच देता येतो. आधीच्या काळाचे पैसे गरोदरपणाच्या दाखल्यावर आगाऊ, उरलेले प्रसूतीचा दाखला दिल्यापासून 48 तासांत.

दोन हयात मुलं असतील तर 26 ऐवजी 12 आठवडे, त्यातले प्रसूतीआधी जास्तीत जास्त सहा.

पगार ₹21,000 पर्यंत असेल आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल, तर पैसे कंपनी नाही, या विम्याचं महामंडळ देतं. तिथे अट वेगळी: मागच्या दोन अंशदान कालावधींत 70 दिवस. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे हे कालावधी असतात. पावतीवर कपात दिसते, पण ती भरली गेली की नाही हे महामंडळाच्या पोर्टलवर स्वतः बघितलेलं बरं.

21 नोव्हेंबर 2025 पासून 1961 चा मातृत्व लाभ कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. 80, 26, 48 हे आकडे तेच राहिले. पाळणाघराचा आकडाही तोच: 50 कामगार असले की ते हवंच, आणि मोजताना पुरुषही धरायचे. "आमच्याकडे बायका सहाच" हे उत्तर गैरलागू. छोट्या गाळेवाल्यांना सामाईक पाळणाघर चालतं. आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं, आणि मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत अंगावर पाजायला रोज दोन सुट्ट्या वेगळ्या.

रजेत असताना कामावरून काढणं बेकायदा आहे, म्हणून हल्ली काढत नाहीत, राजीनामा लिहून घेतात. "परत आलीस की नव्याने घेऊ" असं गोड बोलून. त्या कागदावर सही करायची नाही. काढल्याचं पत्र आलंच, तर सरकारने त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे दाद मागायला 60 दिवस असतात, ते पत्र हातात पडल्या दिवसापासून मोजायचे. पाकीट फाडून फेकू नका, त्यावरच्या पोस्टाच्या शिक्क्यात तारीख असते.