तीन उलटे, दोन खोटे

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी लेथला हात लावत नाही. उस्तादांनी घालून दिलेली शिस्त, ती अजून पाळतो. त्या सकाळी घरभर पुरणाचा वास, बहीण माहेरी आलेली, अंगणातल्या निंबाला पोरींनी झोका बांधलेला आणि मी बनियनवर आंबे पिळत बसलेलो. तेवढ्यात दाराशी ओळखीचं इंजिन येऊन थांबलं. थांबायच्या आधी मात्र त्याच्या मागून एक वेगळाच आवाज आला. कट्... कट्... कट्... चाकाच्या एका फेऱ्याला एकदा.

जीप नानांची. खिरोद्याकडच्या गावातले केळीवाले, माझ्या वडिलांच्या वयाचे. गाडी त्यांच्या वडिलांची, उंच बॉनेटवाली सीजे-थ्रीबी. अमेरिकेत विलीजने ती 1953 साली बाजारात आणली. नवं हरिकेन इंजिन जुन्यापेक्षा उंच होतं, ते मावावं म्हणून बॉनेट चढवलं, आणि म्हणून ही गाडी कायम मान वर करून उभी असल्यासारखी दिसते. आपल्याकडे महिंद्राने ती पुढे वर्षानुवर्षं बनवली. सावदा स्टेशनात केळीच्या वॅगन भरायच्या तेव्हा हीच जीप मागे ट्रेलर लावून घड वाहायची, असं नाना दर भेटीत सांगतात. त्या दिवशी नाही सांगितलं. नाना घाबरलेले होते.

"भो, सणाच्या दिवशी तुले तरास देतो. पन हे ऐक."

गाडीत पुतण्या, मागे दोन लेकी आणि त्यांची पोरं. आदल्या दिवशी ही सगळी वरात सातपुड्यातल्या पालला जाऊन आली होती. घाट चढून आणि उतरून. उतरताना स्टिअरिंग थरथरायला लागलं, मग हा आवाज.

"मी घाटातच थांबून सगळे नट आवळले," पुतण्या म्हणाला. "दोनदा आवळले. खिरोद्यात तिसऱ्यांदा. पण जितकं आवळावं तितका आवाज वाढतोय."

हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं असतं तर अर्धा तास वाचला असता.

पुढचं डावं चाक. आपल्या भाषेत क्लीनर साइड. जॅक लावला, चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं, तर बेअरिंग ठीक, किंगपिन ठीक, चाकच हबवर, म्हणजे ते ज्याला नटांनी आवळतात त्या भागावर, डुलतंय. पाच नटांपैकी तीन बोटाने फिरत होते. उरलेले दोन मात्र पान्यालाही दाद देत नव्हते, निदान तसं वाटत होतं.

सैल नट पुतण्याच्या सवयीने, म्हणजे आवळायला घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला. तो हातात आला. आणि मग मला हसू आलं, लगेच लाजही वाटली. जुन्या जीपच्या डाव्या बाजूला उलटे आटे असतात, हे मला उस्तादांनी वयाच्या सोळाव्या वर्षी शिकवलं होतं. शिकवलं म्हणजे, मी पाइप लावून एक स्टड, म्हणजे हबमधला नट चढवायचा आटेवाला दांडा, तोडला तेव्हा कानाखाली वाजवून सांगितलं. डावं चाक पुढे जाताना बाहेरून पाहिलं तर काट्याच्या उलट फिरतं. नट सैल पडायचाच झाला तर चाकाच्या फिरण्याने तो आवळला जावा, असा त्या काळचा हिशेब. म्हणून उजवीकडे सरळ, डावीकडे उलटे. पुढे शंकूच्या बैठकीचा नट नीट आवळला की एवढा द्राविडी प्राणायाम लागत नाही हे पटलं आणि बहुतेक गाड्यांना दोन्हीकडे सरळ आटे आले. आजच्या पोरांनी उलटा आटा पाहिला असेल तर गॅसच्या सिलिंडरवर.

म्हणजे पुतण्याने घाटात थांबून मनापासून, घाम गाळून, तीन चांगले नट स्वतःच्या हाताने सोडले होते. तीनदा.

मग दोन न सुटणारे कोणते? हे सरळ आट्यांचे निघाले. एकाच हबवर तीन उलटे आणि दोन सरळ! नाना म्हणाले, महिन्याभरापूर्वी हायवेवरच्या एका टायरवाल्याकडे टायर बदलले. पुढचं चित्र मला तिथेच दिसलं. टायरवाल्याने हवेची गन लावली, सोडायच्या दिशेला. उलट्या आट्याला तीच आवळायची दिशा. पहिला स्टड तुटला, दुसरा तुटला, तिसऱ्याला कुणीतरी शहाणं ओरडलं असणार. स्टडच्या टोकावर 'एल' ठोकलेला असतो, उलट्या नटाच्या कोपऱ्यांवर बहुधा खाच असते. पण पन्नास वर्षांचा गंज, रंग आणि ग्रीस यांच्याखाली कोण बघतो? तुटलेल्या दोन जागी त्याने हाताशी होते ते सरळ स्टड बसवले होते.

इथपर्यंत सोपं होतं. चूक मी यापुढे केली.

ते दोन नट पाना लावला की थोडे फिरायचे, मग घट्ट वाटायचे, मग पुन्हा फिरायचे. शेवटी मागून पाचर देऊन काढले. मी स्टडवर पिच गेज, म्हणजे आटे मोजायची दातेरी पानं, धरलं. वीस आट्यांचं पान इतकं नेमकं बसलं की पलीकडून उजेड दिसेना. जीपचा स्टड अर्धा इंची, म्हणजे चार सूत, इंचाला वीस आटे. मी नानांना सांगून टाकलं, "स्टड बरोबर आहेत, फक्त दिशा चुकली. नटाचे आटे गेलेत. नवे नट टाकून आजचं भागवू."

हे बोललो आणि हातातला नट सहज दुसऱ्या स्टडवर ठेवला. तो टिचकीने फिरत थेट तळापर्यंत गेला. चांगला नट सहज जातो, पण असा नाही जात. त्याला बाजूने हलवलं तर टकटक वाजत होतं. आत जाऊन जाडी मोजायचं व्हर्निअर आणलं. तीन उलट्या स्टडची जाडी साडेबारा मिलिमीटरच्या थोडी पुढे, म्हणजे अर्धा इंच, 12.7 मधून थोडी झीज वजा. या दोघांची 11.9.

बारा एमएमचे स्टड होते ते. पिच, म्हणजे आट्यापासून आट्याचं अंतर, सव्वा एमएम. मारुतीच्या जिप्सीला असतात तसे.

आता यातली गंमत बघा, आणि गंमत म्हणतोय ती आज म्हणतोय. इंचाला वीस आटे म्हणजे एका आट्याला 1.27 मिलिमीटर. जिप्सीचा आटा 1.25. फरक दोन शतांश मिलिमीटरचा. नटात आटे असतात नऊ-दहा, तेवढ्या लांबीत हा फरक डोळ्याला काय, गेजलाही कळत नाही. दोन्हींच्या आट्याचा कोन 60 अंश. नटाचा पाना विचाराल तर जीपचा पाऊण इंच, जिप्सीचा 19 एमएम, एकच पाना दोन्हीला चालतो. इतकंच कशाला, चाकाच्या पाच भोकांचं वर्तुळसुद्धा दोन्ही गाड्यांचं एकच, साडेपाच इंच. जिप्सीच्या चाकाची डिस्क जीपवर बसते, म्हणजे स्टडही बसेल, असा टायरवाल्याने हिशेब केला असेल तर तो अगदीच वेडा नव्हता. जुळू नये ती एक गोष्ट सोडून सगळंच जुळत होतं.

चार सुताचा नट बारा एमएमवर ठेवला की आट्याला आटा जेमतेम टोकाला टेकतो, एका बाजूला साधारण पाव मिलिमीटर. पूर्ण पकडीचा तिसरा हिस्सा. नट शंकूत बसतो, पाना घट्ट लागल्यासारखा वाटतो, माणूस समाधानाने पाना खाली ठेवतो. खड्डे लागले की ती टोकं कापली जातात. उलट केलं असतं, म्हणजे बारा एमएमचा नट चार सुतावर लावायला गेला असता, तर तो चढलाच नसता आणि सगळे वाचले असते. न बसणारा नट प्रामाणिक असतो हो.

लँड रोव्हरवाल्यांचं याहून वाईट. एकदा माझ्याकडे जुनी सिरीज गाडी आली होती. तिचे स्टड साडेचार सुती, आटे बीएसएफ या ब्रिटिश मापाचे, इंचाला सोळा, आणि कोन 55 अंश, कारण ते घराणं व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअरने 1841 साली घालून दिलेलं. अमेरिकन घराणं 60 अंशांचं. दुसऱ्या महायुद्धात एकमेकांचे नट एकमेकांना लागेनात तेव्हा कुठे 1948 साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी बसून एक आटा ठरवला. तरी त्या गाडीने आपले स्टड बदलले ते 1980 च्या सुमारास, आणि तेही थेट 16 एमएमवर. पण तिथे निदान माणूस सावध असतो, गाडी परदेशी म्हणून. जीप आपल्या घरची, तिच्याकडे संशयाने कोण बघतं?

हब खाली काढला. मागून पाहिलं तर दोन्ही खोट्या स्टडना वेल्डिंगचे टाके. जिप्सीच्या स्टडची मान हबच्या भोकात ढिली, म्हणून टाके. चांगल्या पोलादाला असा टाका दिला की टाक्याच्या कडेला ते ठिसूळ होतं. डिस्कची दोन भोकं अंडाकार झाली होती. म्हणजे बारा माणसं पालचा घाट उतरली ती तीन सुटत चाललेल्या नटांवर आणि दोन देखाव्याच्या नटांवर.

मी हे मोठ्याने बोललो नाही. मागे लेकी होत्या. पण नानांनी भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि ते मटकन ओट्यावर बसले. पुतण्या पाना हातात घेऊन तसाच उभा होता. त्याला मी म्हटलं, "तुझी चूक नाही रे. मी सोळाव्या वर्षी पाइप लावून तोडलाय."

"दोन स्टड लेथवर काढून दे ना भो," नाना म्हणाले. "संध्याकाळी पोरींना सोडायचं आहे."

काढता आले असते. उलटे आटे पाडणं ही लेथची काय मोठी गोष्ट? पण माझ्याकडचा बार साधा माइल्ड स्टील, आणि आवळल्यावर ताणून धरणारा स्टड त्याचा करायचा नसतो. वर आखाजी. खरं सांगायचं तर सण नसता तरी नसता केला. नाना जरा रागावले. लेकी माझ्या भाच्याच्या गाडीतून गेल्या, पुरणपोळी खाऊनच. जीप माझ्या दारात लाकडी ठोकळ्यांवर राहिली.

दुसऱ्या दिवशी जळगावला जुन्या जीपच्या सामानाचं एक दुकान धुंडाळलं. उलटे स्टड आणि उलटे नट, पाच-पाच. दुकानदाराने कागदात बांधायला घेतले तेव्हा मी एकेक नट एकेका स्टडवर काउंटरवरच फिरवून पाहिला. पाचातला एक नट सरळ निघाला. दुकानदार म्हणाला, "एवढं कोणी बघत नाही." मी त्याला व्हर्निअरही दाखवलं, तो चहा मागवून मोकळा झाला.

सगळं बसवून झाल्यावर मी पेंटरला बोलावलं आणि म्हटलं, डाव्या दोन्ही चाकांवर लाल रंगात 'उलटे आटे' लिही. नानांनी त्याचा हात धरला. बापाच्या गाडीवर 'उलटे' हा शब्द नको. बरीच घासाघीस झाली. शेवटी शब्द नाही, नुसता बाण काढायचा ठरला, नट कोणीकडे सोडायचे ते दाखवणारा.

पावसाळ्याच्या तोंडी नानांचा फोन आला. मागे कॉम्प्रेसरची घरघर.

"भो, पंक्चर आहे. हा टायरवाला म्हनतो, पेंटरनं बान चुकून उलटा काढला."

मी म्हटलं, "नाना, आधी त्याला गन खाली ठेवायला सांगा."