आमची वाटचाल: टॉवेलच्या हिशेबापासून थकलेल्या बिलांपर्यंत

सोलापूरचा टॉवेल रोखीने फार थोडा विकला जातो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतून गाठी निघतात आणि पैसे येतात साठ-नव्वद दिवसांच्या वायद्यावर, तेही पार्टीने, म्हणजे माल घेणाऱ्याने, वायदा पाळला तर. मी अशाच एका कारखान्यात हिशेबाला होते. सूतवाल्याला पैसे वेळेवर लागायचे, कामगारांचा पगार दर आठवड्याला, लाइट बिल थांबायचं नाही. थांबायचं ते फक्त आमचं येणं. मध्ये दलाल असायचा. तगादा त्यानेच करायचा, पण त्याला पुढच्या हंगामात त्याच पार्टीची ऑर्डर हवी असायची, त्यामुळे तो कुणालाच दुखवत नसे.

जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि कारखानदार वैतागले. मला मात्र त्यात एक गोष्ट दिसली. आपलं बिल आता पोर्टलवर चढतं आणि समोरची पार्टी त्यावर इनपुट क्रेडिट घेते, म्हणजे खरेदीवर भरलेला कर आपल्या करातून वजा करते. ज्याने क्रेडिट घेतलं त्याला ‘माल मिळालाच नाही’ असं पुढे म्हणता येणं अवघड. शिवाय १८० दिवसांत पुरवठादाराचे पैसे दिले नाहीत तर ते क्रेडिट व्याजासह उलटवावं लागतं. त्याच वर्षी ऑक्टोबरात केंद्राचं ‘समाधान’ पोर्टल सुरू झालं आणि थकलेल्या बिलाचा अर्ज घरबसल्या करता येऊ लागला. हे दोन बदल पाठोपाठ आले, म्हणून मी नोकरी सोडायचं धाडस केलं. बरोबर एक मैत्रीण, कोर्टाजवळच्या वकिलांच्या ऑफिसात टायपिंग आणि फायलिंग केलेली. थकलेली बिलं वसूल करून द्यायला अशोक चौकाच्या बाजूला एक गाळा भाड्याने घेतला, दोन टेबलं टाकली.

सुरुवातीला येणारा प्रत्येक जण दबक्या आवाजात विचारायचा, “अक्का, माणसं पाठवता का?” वसुली म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे तेच येतं. आम्ही माणसं पाठवत नाही, कागद पाठवतो, हे सांगण्यातच पहिले काही महिने गेले.

आणखी एक गोष्ट आजही सांगावी लागते. आम्ही वकील नाही. आम्ही फाइल बांधतो, व्याजाचा हिशेब करतो, पोर्टलवर अर्ज भरतो, पार्टीशी पत्रव्यवहार करतो. नोटीस आणि कोर्टाचं काम वकीलच करतात आणि त्यांची फी अशील थेट त्यांना देतो, आमच्या हातून जात नाही. ‘वसूल होईल त्यातले दहा टक्के घ्या’ असं पुष्कळ जण म्हणतात. वकिलाला असं टक्केवारीवर काम करायला बार कौन्सिलचे नियम मनाई करतात. आम्हाला तो नियम लागू नसला तरी आम्हीही ठरलेली फीच घेतो. टक्केवारी आली की पार्टीला खरंखोटं घाबरवायचा मोह होतो, असं माझं मत आहे.

आमचं खरं काम कळायचं असेल तर एक प्रकरण सांगते. परराज्यातल्या एका पार्टीने हॉटेलांसाठी पांढरा टॉवेल घेतला. सात-आठ महिने पैसे नाहीत. फोन केला की साहेब बाहेर. शेवटी पत्र गेलं तेव्हा उत्तर आलं: जीएसएम (कापडाचं दर चौरस मीटर वजन) कमी होता, धुलाईत सूत सुटलं, आम्हीच डेबिट नोट काढतो, म्हणजे बिलातून रक्कम कापतो. आमच्या व्यापारात हे उत्तर पाठ असतं. पण सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात एक नेमकी तरतूद आहे. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असं धरलं जातं. या कारखानदाराकडे ट्रान्सपोर्टची बिल्टी (माल पाठवल्याची पावती) होती, ई-वे बिल होतं आणि पार्टीच्या गोडाऊनवाल्याची शिक्क्यासह पोच होती. पहिल्या पंधरवड्यात व्हॉट्सअॅपवर एकच मेसेज आलेला: ‘माल मिळाला, पुढची गाडी कधी?’ तो छापून फाइलला लावला. ‘समाधान’वरचा अर्ज थकलेल्या बिलांचा निवाडा करणाऱ्या सरकारी परिषदेपुढे जातो. तिच्या सलोख्याच्या टप्प्यातच पार्टी हप्त्यांवर आली.

पोच नसती तर हेच प्रकरण वर्षानुवर्षं रखडलं असतं. म्हणून थकबाकी घेऊन आलेल्या माणसाला आम्ही आधी पार्टीचं नाव विचारत नाही, पोच आहे का विचारतो. उधारी बुडायला सुरुवात होते ती गाडी भरताना.

याच कायद्याने ४५ दिवसांची मर्यादा घातली आहे. लेखी करार असेल तर ठरलेली मुदत, पण ४५ दिवसांच्या आत. करार नसेल तर १५ दिवस. करारात नव्वद लिहिले तरी कायदा पंचेचाळीसच मोजतो. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. बँक दर ६.७५ टक्के होता तेव्हा हे व्याज २०.२५ टक्क्यांवर जात होतं. एवढं व्याज हातात पडतंच असं नाही. तडजोडीत बहुतेक जण ते सोडतात. पण मुद्दल मिळवायला त्याचा धाक उपयोगी पडतो.

हे संरक्षण सूक्ष्म आणि लघु उत्पादकांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे. साइजिंगवाला (सुताला खळ देणारा), डाइंगवाला (रंगवणारा), जॉबवर शिलाई करणारा गणवेशवाला यात बसतो. चाटी गल्लीतला कापड व्यापारी उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असूनही इथे बसत नाही, आणि हे सांगितलं की तो आमच्यावरच रागावतो. त्याला कोर्टाची वाट. नोंदणी व्यवहाराआधीची हवी की नंतरची चालते यावर कोर्टात वाद झालेत. आम्ही त्या वादात पडत नाही, आधी नोंदणी करा म्हणतो.

चेक न वटल्याचं प्रकरण असेल तर तारखा सांभाळणं एवढंच आमचं काम. बँकेचा मेमो हातात आल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला १५ दिवस, त्यानंतर महिन्याभरात तक्रार. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आपल्या खात्यात भरलेल्या चेकची तक्रार आपल्या बँक शाखेच्या हद्दीत करता येते. दिल्लीची पार्टी सोलापूरच्या कोर्टात येते, यासारखं समाधान कारखानदाराला दुसरं नाही.

कोविडच्या काळात सगळ्यांचंच अडकलं. दावा लावायची तीन वर्षांची मुदत संपली म्हणून खचलेल्या कित्येकांना आम्ही सांगितलं, की सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला आहे. जुन्या वह्या पुन्हा उघडल्या गेल्या. आमचा गाळा मोठा झाला तो तेव्हा.

मग मार्च २०२४. आयकर कायद्यात ४३बी(एच) आलं होतं: लहान उद्योगांची मुदतीत न दिलेली आणि वर्षअखेरीसही थकलेली बिलं पार्टीला त्या वर्षाच्या खर्चात धरता येणार नाहीत. काही पार्ट्यांनी मुकाट्याने पैसे दिले. काहींनी उलट अट घातली, ‘उद्यम नोंदणी रद्द करा, मगच ऑर्डर.’ दोघा-तिघांनी ती रद्द केलीही. मला ते पटलं नाही, पण पोटाचा प्रश्न असतो. त्यांना नावं ठेवायला मी कोण?

सगळ्यात नाजूक काम गावातल्या गावातलं. जॉब करून देणारा आणि कारखानदार दोघेही आमच्याच पद्मशाली समाजातले, लग्नात एका पंगतीला बसणारे. तिथे नोटीस काढली की नातं तुटतं. अशा वेळी आम्ही फक्त एक मागतो: थकबाकी मान्य असल्याचा सही केलेला खातेउतारा, मुदत संपायच्या आत. त्या सहीने तीन वर्षं नव्याने सुरू होतात आणि नातीही शाबूत राहतात. शक्य असेल तर सोबत हप्त्यांचे चेक. आमच्याकडची अर्ध्याहून जास्त कामं अशीच मिटतात आणि त्यांच्याबद्दल बाहेर कुणी बोलत नाही, जे योग्यच आहे.

अजून न सुटलेला भाग निवाडा मिळाल्यानंतरचा आहे. परिषदेचा निवाडा लागला की लोक पेढे आणतात. मी ते ठेवून घेते आणि दरखास्तीचे, म्हणजे निवाड्याच्या अंमलबजावणीसाठी कोर्टात करायच्या अर्जाचे, कागद पुढे करते. पार्टीला निवाड्याला आव्हान द्यायचं तर ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते, म्हणून पुष्कळ जण आव्हानाला जात नाहीत, आणि पैसेही देत नाहीत. मग अंमलबजावणी पार्टीची मालमत्ता असेल तिथल्या कोर्टात. तिचं बँक खातं कुठे, गोडाऊन मालकीचं की भाड्याचं, हे शोधण्यात सध्या आमचा निम्मा वेळ जातो. त्यासाठी गेल्या वर्षी एक मुलगा कामाला ठेवला. तो आता ऑर्डर घेतानाच नव्या पार्टीची ही माहिती भरून घ्यायचा एक पानी फॉर्म कारखान्यांत वाटतोय. चिंचोळी एमआयडीसीत तो बऱ्यापैकी चालू झालाय. अक्कलकोट रोडवरचे जुने शेठ अजून म्हणतात, ‘पार्टीला असं विचारलं तर ती ऑर्डर दुसऱ्याला देईल.’