खारा वारा पाठीशी: रॉटनेस्ट ते सोरेंटो सर्फस्की रेस, आणि माझी चुकलेली लाइन

शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे असा धडा होता, बाणांची आकृती काढायची आणि दोन मार्क घ्यायचे. देवगडला समुद्रापासून पाच मिनिटांवर राहून मी ती आकृती घोकून पाठ केली होती, पण पोहायला शिकलो पंचविशीनंतर, तेही पुण्यात टँकमध्ये. आता चाळिशी उलटल्यावर इथे ऑस्ट्रेलियात पर्थला त्याच खाऱ्या वाऱ्याच्या मागे पैसे आणि वेळ घालवतोय, आई फोनवर काय म्हणते ते लिहीत नाही.

तर रेसचं नाव द डॉक्टर. उन्हाळ्यात इथे दुपारी नैऋत्येकडून जो वारा सुटतो त्याला लोक फ्रीमँटल डॉक्टर म्हणतात, कारण तापलेल्या शहराला तोच जरा बरं करतो, त्यावरून हे नाव. रॉटनेस्ट बेटावरून निघायचं आणि समुद्र ओलांडून पर्थच्या उत्तरेला सोरेंटो बीचवर यायचं, साधारण 27 किलोमीटर, सगळं वाऱ्याच्या दिशेने. पुढची मंडळी दीड-पावणेदोन तासात संपवतात. मला 2 तास 52 मिनिटं लागली, त्यातली वीसेक मिनिटं निव्वळ मूर्खपणाची, ते पुढे सांगतो.

ज्यांना सर्फस्की माहीत नाही त्यांच्यासाठी, साडेसहा मीटरच्या आसपास लांब, सुरीसारखी निमुळती बोट, आत शिरून बसायचं नाही तर वर एका खोलगट बकेटमध्ये बसायचं, पाय समोरच्या फूटप्लेटवर आणि तिथल्याच पेडलने रडर, म्हणजे सुकाणू, फिरवायचा. हौसेच्या भरात एकदम अवघ्या 43 सेंटिमीटर रुंदीची रेसिंग स्की घेऊ नका. मी पहिल्या वर्षी हेच केलं आणि तो सगळा सीझन पाण्यातच काढला. जी स्की चॉपमध्ये, म्हणजे छोट्या उसळत्या लाटांत, स्थिर राहते तीच तुमच्यासाठी फास्ट, बाकी सगळी हौस.

सकाळी फेरीने बेटावर गेलो, स्की ओळखीतल्या एकाच्या सपोर्ट बोटीवर बांधून आली. स्टार्टला भरपूर वेळ होता आणि नेमकं हेच वाईट, कारण माणूस उन्हात उभा राहून गप्पा मारत अर्धा तिथेच संपतो. सावली शोधा, टोपी घाला, पाणी पीत राहा. तिथे क्वोक्का नावाचा मांजराएवढा, हसऱ्या तोंडाचा कांगारूचा भाऊबंद असतो, तो माझ्या केळ्याकडे असा बघत होता की मलाच लाज वाटली. पण त्यांना खायला घालायला बंदी आहे, दंड होतो, केळं मीच खाल्लं.

वाऱ्याचं एक लक्षात ठेवा. सकाळी पूर्वेचा वारा जोरात असेल तर खारा वारा उशिरा येतो, दोघांची आधी झटापट होते आणि मध्ये समुद्र नुसता खिचडी होऊन बसतो. त्या दिवशी पूर्वेचा वारा लवकर पडला आणि दुपारी दक्षिण-नैऋत्येकडून पंधरा ते वीस नॉट (एक नॉट म्हणजे ताशी साधारण 1.85 किलोमीटर) सुटला. दक्षिण-नैऋत्य हा शब्द अधोरेखित करून ठेवा, माझी सगळी वाट त्यानेच लावली.

स्टार्ट बेटाच्या पूर्व बाजूला, म्हणजे आडोशाला. पहिले दोन-तीन किलोमीटर लाटा लहान, पाणी सपाट, आणि आजूबाजूला सगळे जण जीव तोडून पॅडल मारतायत. मीही मारलं. हार्ट रेट 178 बघून पोटात गोळा आला तेव्हा कुठे थांबलो. तुम्ही तिथे शांत राहा, खरा समुद्र पुढे आहे.

मग हळूहळू लाटा उभ्या राहायला लागतात. डाउनविंडची, म्हणजे वारा पाठीशी घेऊन पॅडल मारण्याची, मजा आणि गोम सांगायची तर अशी की लाट मागून येते म्हणून मागे बघायचं नाही. बघायचं पुढे, तुमच्या नाकासमोर कुठे खळगा पडतोय तिकडे. स्कीची शेपटी उचलली गेली आणि तिचं नाक खाली झुकलं की तीन-चार जोरदार स्ट्रोक, स्की सुटली की हात हलके, आणि ती घसरत असतानाच पुढचा खळगा शोधायचा. नवीन माणूस उलटं करतो, मीही करायचो, खळग्यात दम खातो आणि मग समोरच्या लाटेच्या पाठीवर चढायला मरमर मरतो, टेकडीवर सायकल रेटल्यासारखं. नाक समोरच्या लाटेत घुसून पाणी मांडीवर आलं की समजा वाट चुकली, बाजूचा खळगा बघा. जमलं की मात्र असं वाटतं की खालून कोणीतरी ढकलतंय, रडर गुणगुणतो, एकापाठोपाठ तीन लाटा जोडल्या जातात आणि तुम्ही एकटेच समुद्रात वेड्यासारखे ओरडत असता.

त्या ओरडण्यातच चूक झाली. फिनिश रॉटनेस्टपासून ईशान्येला आहे, आणि वारा दक्षिण-नैऋत्येचा म्हणजे लाटा उजव्या मागच्या कोपऱ्यातून येतात आणि तुम्हाला हळूहळू डावीकडे, उत्तरेला नेतात. प्रत्येक लाट सोपी वाटते कारण तुम्ही ती म्हणेल तिकडे जाता. जुने लोक घसा फोडून सांगतात, सुरुवातीला उजवीकडे वर, म्हणजे वारा येतो त्या बाजूला राहा, थोडं आडवं जायला लागलं तरी चालेल, शेवटी उतरत या. मी मान डोलावली होती. पाण्यात गेल्यावर सगळं विसरलो, उजवीकडे दूर नांगरलेली मोठी जहाजं बघत बसलो, आणि दीड तासाने मान वर केली तर समोर हिलरीज बंदराचा ब्रेकवॉटर, लाटा अडवणारा बांध! सोरेंटो त्याच्या दक्षिणेला, म्हणजे माझ्या उजव्या खांद्याकडे.

मग शेवटचे चार किलोमीटर आडव्या लाटांवर. तिथे एक लाट कुशीत बसली आणि मी डावीकडे सरळ आडवा. पायाला लीश, म्हणजे स्कीला बांधलेली दोरी होती म्हणून स्की हाताशी राहिली, नायतर त्या वाऱ्यात रिकामी स्की पानासारखी उडत जाते आणि पोहून ती कोणालाच गाठता येत नाही. पहिल्या प्रयत्नात चढलो आणि पलीकडे पडलो, दुसऱ्यांदा पोट आधी बकेटवर, मग फिरून बूड, पाय दोन्ही बाजूंना पाण्यात, आणि लगेच पॅडल. हे सपाट पाण्यात शंभर वेळा नाही, चॉपमध्ये थकलेले असताना करून बघा, नाही जमलं तर या रेसला येऊ नका, एवढं स्पष्ट सांगतो. शार्कचं सगळे विचारतात. आहेत, मोठे आहेत, पण पाण्यात पडल्यावर मला फक्त चष्मा गेला याचंच दुःख होतं.

बारीकसारीक गोष्टी. स्की वेडीवाकडी थरथरायला लागली आणि स्पीड पडला तर बहुतेक रडरला समुद्री गवत अडकलंय, थांबून दोन स्ट्रोक उलटे मारा, निघतं. पाणी दीड-दोन लिटर, नळी तोंडाजवळ येईल अशी, कारण बाटलीसाठी हात सोडायला मिळत नाही. लाइफ जॅकेटच्या खिशात फोन आणि फ्लेअर (मदतीसाठी पेटवायची खूण), बोटीत नाही, अंगावर. आणि बुडाला भरपूर व्हॅसलीन लावा, मी लावलं नाही, चार दिवस ऑफिसात उभा राहून मीटिंगा केल्या.

बीचवर उतरलो तेव्हा पाय म्हणजे ओला कागद, दोन पावलांत गुडघ्यावर. बायकोने थर्मासमधला चहा आणि दिवाळीच्या उरलेल्या चकल्या आणल्या होत्या, मिठाने तोंड फाटलेलं असताना चकली खाऊ नका.

रात्री घड्याळातला ट्रॅक मॅपवर उघडला, मुलगा बाजूला होता, म्हणाला बाबा हे केळं कशाला काढलंयस. खरंच केळंच, डावीकडे फुगलेलं. पुढच्या वर्षी पहिले सात-आठ किलोमीटर नाक सोरेंटोकडे नाही, स्कारबरोच्या त्या उंच हॉटेलच्या टॉवरकडे ठेवणार, तो सोरेंटोच्या बराच दक्षिणेला आहे आणि स्वच्छ हवेत लांबून दिसतो. फूटप्लेटच्या वर, डोळ्यासमोर येईल अशी पांढरी टेप चिकटवून त्यावर मार्करने आत्ताच लिहून ठेवलंय, ‘उजवीकडे, गाढवा’.