दाबलेली फुलं
आज दाबून ठेवलेली फुलं बाहेर काढली आणि दुपार तिथेच गेली. पॅन्सी अगदी जशीच्या तशी, जांभळा रंगही टिकलाय! लाल पाकळ्या मात्र बऱ्यापैकी काळपट झाल्यात. लाल रंगाचं हे नेहमीचंच. पिवळा आणि केशरी रंग त्यामानाने चांगला टिकतो.

सगळा खेळ ओलाव्याचा आहे. पाकळीतलं पाणी जितक्या लवकर निघेल तितका रंग वाचतो, म्हणून दव सुकल्यावरच फुलं तोडायची. टीपकागदात पसरून वर जड पुस्तकं ठेवायची आणि सुरुवातीचे दिवस कागद रोज बदलायचा. हे कंटाळवाणं वाटतं, पण माझ्या मते निम्मं यश त्या कागद बदलण्यात आहे. २ ते ४ आठवड्यांत फूल कागदासारखं कडक होतं. गुलाबासारखी भरगच्च फुलं अख्खी दाबूच नयेत. पाकळ्या सुट्या करून दाबाव्यात, नाहीतर अख्खं फूल सिलिका जेलमध्ये (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांत) पुरून सुकवावं, आकारही राहतो.

१६व्या शतकात इटलीत वनस्पतिशास्त्रज्ञ लुका घिनी यांनी वनस्पती अशाच दाबून, सुकवून कागदावर चिकटवल्या आणि त्यातून अभ्यासाचे संग्रह उभे राहिले. शास्त्रज्ञांची आणि आपली रीत एकच, याचा मला फार आनंद वाटतो.

आता यांची बुकमार्क आणि शुभेच्छापत्रं करणार. फ्रेम केलीच तर थेट उन्हापासून लांब लावेन, कारण उजेडाने रंग उडतो. आणि हो, डिंक अगदी थेंबभर, काडीच्या टोकाने. जास्त झाला की पातळ पाकळीतून डाग दिसतो.