दोन नंबरचा रिमोट

आमच्या घरात टीव्ही गेमच्या त्या वस्तूला कंट्रोलर वगैरे कोणी म्हणायचं नाही, तो रिमोट. वायरवाला रिमोट. दोन होते, एक नंबर दादाचा आणि दोन नंबर माझा, आणि माझा खराब आहे हे मी १९९८चा अख्खा मे महिना दिसेल त्याला सांगत होते, नाहीतर मारिओ दर वेळी त्याच खड्ड्यात कशाला पडेल?

मागच्या महिन्यात माळा आवरताना दोन नंबर सापडला, पाठीवर निळ्या पेनाने २ लिहिलेली चिकटपट्टी अजून आहे. मशीन कधीच भंगारात गेलं. म्हटलं लॅपटॉपला जोडून बघू, एकदाचा निकाल तरी लागेल.

पण जोडायचा कुठे? त्याचं टोक नऊ भोकांचं, पूर्वी कॉम्प्युटरच्या मागे जो सिरीयल पोर्ट असायचा त्यात अगदी फिट बसणारं, आणि बसतंय म्हणून दादाने तेव्हा मित्राच्या कॉम्प्युटरला खुपसून पण बघितलं होतं. काही झालं नाही. नशीबच म्हणायचं, कारण त्या पोर्टवर बारा व्होल्टच्या आसपास असू शकतं, ते पण कधी अधिक कधी उणे, आणि रिमोटचा जीव पाच व्होल्टचा. भोकं जुळली, पत्रिका नाही.

आमचं मशीन म्हणजे १९८३च्या फॅमिकॉम नावाच्या जपानी टीव्ही गेमची नक्कल, त्यामुळे रिमोटची भाषा पण तीच. भोकं नऊ असली तरी कामाच्या वायरी पाचच, दोन करंटच्या आणि तीन बोलण्याच्या. आणि हा गडी विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही हां. मशीन सेकंदाला ५०-६० वेळा एका वायरीवरून म्हणतं, आत्ता काय काय दाबलंय ते धरून ठेव, मग दुसऱ्या वायरीवरून टिचक्या मारत जातं आणि रिमोट तिसऱ्या वायरीवरून एकेका बटणाचं सांगत जातो, ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं, शाळेतल्या हजेरीसारखं, क्रम कधीच बदलत नाही. त्यात दाबलेलं असेल तर शून्य आणि नसेल तर एक. हे उलटं प्रकरण मला उशिरा कळलं, त्यामुळे पहिल्या दिवशी लॅपटॉपच्या मते आठही बटणं दाबलेली आणि मी हात लावला की सुटतायत!

यूएसबीचं वेगळंच. तिथे दारातच चौकशी, कोण, कुठल्या कंपनीचे, बटणं किती. आमच्या मुखदुर्बळाला ते जमणार नाही, म्हणून मध्ये एक मध्यस्थ लागतो. तयार अडॅप्टर मिळतात, पण तोवर मला सोल्डरिंगची खुमखुमी आली होती, मग पुण्याच्या तापकीर गल्लीतून अर्डुइनो प्रो मायक्रो आणला, अंगठ्याएवढा बोर्ड, तो इकडे रिमोटची हजेरी घेतो आणि तिकडे लॅपटॉपला सांगतो मी गेमपॅड आहे.

रिमोट उघडला तर आत चिप दिसतच नाही, नुसता डांबरासारखा काळा थेंब. वायरींच्या रंगांवर तर अजिबात जाऊ नका, आमच्यात लाल वायर करंटची नव्हतीच, मल्टिमीटर घेऊन एकेक शोधत बसले. माझा सगळा संशय ए बटणावर, उडी तिथलीच ना. बटणाखाली रबर असतं आणि रबराला काळी टिकली, ती खालच्या पट्ट्यांना टेकली की सर्किट पूर्ण होतं. टिकली झिजली असणार, मी मनातल्या मनात जिंकलेच होते.

विंडोजमध्ये गेम कंट्रोलर तपासायची एक जुनाट खिडकी आहे, बटण दाबलं की लाल दिवा लागतो. ए दाबलं, लागला. हळू दाबलं, लागला. कडेने दाबलं, पटापट वीसेक वेळा दाबलं, एकदाही चुकला नाही. बाकीची सातही ठणठणीत.

मग मारिओ लावला. पहिल्याच खड्ड्यात.

रात्री दादाला फोन करून कबूल केलं, म्हटलं अरे तो दोन नंबर खराब नव्हताच रे कधी. दोन सेकंद गप्प. मग म्हणाला, "बघ, म्हणजे चांगला रिमोट कायम तूच धरून बसायचीस."