मॉडरेट गेल म्हणजे किती?

छत्री धरवत नाही आणि विजेच्या तारा सूं सूं वाजतात, तो वारा बोफर्ट मापनात, म्हणजे वाऱ्याचा जोर शून्य ते बारा अंकांत सांगणाऱ्या मापनात, सहा अंकाचा. (तोफांचा बोफोर्स निराळा.) ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस बोफर्टने 1806 मध्ये हे मापन मांडलं आणि लवकरच त्याला जोड दिली ती शिडांची. छत्र्या, तारा, ताशी मैल ही सगळी मागाहूनची भर.

शिडाचे आडवे पट्टे असतात. वारा चढला की एकेक गुंडाळून बांधायचा. वरच्या शिडांचे दोन पट्टे बांधायला लागले की मॉडरेट गेल (गेल म्हणजे जोराचा वारा), अंक सात; तीन बांधले की फ्रेश गेल. मुख्य डोलकाठीचं वरचं शीड पुरतं आखडूनही जेमतेम टिकतंय, तो होल गेल, अंक दहा. बाराव्याला कापडच टिकत नाही.

आता ही नावं मोडीत निघाली, आणि एका अर्थी बरंच झालं. मॉडरेट म्हणे! ताशी 50 ते 61 किलोमीटरच्या त्या वाऱ्यात समोर चालणं जड जातं. फ्रेश ब्रीझ (ब्रीझ म्हणजे गेलपेक्षा हलका वारा) पाचावर, फ्रेश गेल आठावर. आठाचा वेग पाचाच्या दुप्पट, आणि दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे शिडावर चौपट. जहाजांच्या जुन्या नोंदी वाचताना नुसत्या 'फ्रेश'वर विसंबलं की घोटाळा ठरलेला.

बोफर्टच्या शंभर वर्षं आधीचा गोंधळ तर औरच. 1703 च्या नोव्हेंबरात इंग्लंडला महावादळाने झोडपलं. त्यावर 'रॉबिन्सन क्रूसो'वाल्या डॅनियल डिफोने 1704 मध्ये पुस्तक लिहिलं आणि वाऱ्याच्या बारा पायऱ्या दिल्या: तळाला स्टार्क काम (calm, म्हणजे वारा अगदी पडलेला), माथ्यावर टेम्पेस्ट. त्यात स्मॉल गेल पाचवा, फाइन ब्रीझच्या लगेच वर. म्हणजे गेल शब्दाने घाबरायचं कारणच नाही. सातवा टॉपसेल गेल. हा मात्र टिकायला हवा होता. कुठलं शीड पेलेल ते नावातच सांगून टाकतो. दहावा फ्रेट ऑफ विंड, स्टॉर्मच्या खालोखाल.

सायक्लोन हा शब्द त्या मानाने कालचा, आणि आपल्याकडचा: कोलकात्यात हेन्री पिडिंग्टनने 1848 मध्ये घडवलेला. आपलं हवामान खातं 34 नॉटला, म्हणजे ताशी 62 किलोमीटरला चक्रीवादळ म्हणू लागतं. तोच बोफर्टचा आठ, जुना फ्रेश गेल. 2020 च्या जूनमध्ये रायगडच्या किनाऱ्यावर आलेलं निसर्ग 'तीव्र' गटातलं होतं; तो गट सुरूच होतो होल गेलपासून.

आणि डिफोचा फ्रेट? ईशान्य इंग्लंडच्या किनाऱ्यावर आज फ्रेट म्हणजे समुद्रावरून आत येणारं धुकं. ते यायला वारा मंदच लागतो.