कॉगशलच्या कापडवाल्याचं घर

इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यात केल्वडनला गाडीतून उतरलो तर बस नुकतीच गेलेली. पुढची कधी, ते तिथे कुणालाच धड सांगता येईना. मग निघालो पायीच. कॉगशल काही फार लांब नाही, दोन-अडीच मैल. एसेक्सची शेतं सपाट, चढ असा नाहीच, तरी पोचेपर्यंत घामाघूम झालो.

वेस्ट स्ट्रीटवर पेकॉक्स हाऊस दिसलं आणि पहिला प्रश्न मनात आला, एवढं लाकूड कशाला? ओकचे उभे खांब अगदी खेटून लावलेले. घर उभं राहायला त्यातले निम्मेही पुरले असते. पण टॉमस पेकॉक पडला कापडाचा बडा व्यापारी. 1509 च्या सुमाराला रस्त्याकडेच्या भिंतीत इतकं ओक घालायचं म्हणजे ऐपत चारचौघांत मांडणंच.

वरचा मजला खालच्याच्या पुढे काढलाय. त्याच्या कडेने एक लांबच लांब कोरीव तुळई गेली आहे. तिच्याखाली मान वर करून मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. वेल वळणं घेत जाते. मध्येच मुकुट घातलेले राजाराणी हातात हात घेऊन आडवे पडलेत. एका जागी एका बाळाने लिलीच्या फुलात सूर मारलाय, पाय तेवढे बाहेर! आणि एका ढालीवर 'टीपी' ही अक्षरं आणि दोन देठांच्या पानासारखी खूण. हीच खूण पेकॉकांच्या कापडाच्या गठ्ठ्यांवर असायची. गठ्ठ्यावरचा शिक्का थेट घराच्या कपाळावर.

खांबांमधल्या विटा मात्र मूळच्या नाहीत. आधी तिथे लिंपलेला कूड असणार, आपल्या कोकणात कारवीचा असतो तसाच. 1904 मध्ये नोएल बक्स्टन यांनी हे घर विकत घेऊन दुरुस्त करवलं आणि 1924 मध्ये नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला दिलं. आज ते संरक्षित इमारतींच्या सगळ्यात वरच्या, ग्रेड वन यादीत आहे. मला त्या विटा खटकल्याच. लाल रंग कोरीवकामावरून नजर ओढून घेतो.

आत छताच्या कड्यासुद्धा कोरलेल्या. भिंतीच्या लाकडी तक्तपोशीवर कापडाच्या घड्यांची नक्षी आहे. त्या काळी इंग्लंडभर ती चालायची, पण कापडवाल्याच्या घरात ती बघताना हसू येतंच. मागच्या बागेतून पाहिलं तर घर एकदम साधं. थाट सगळा रस्त्याकडे.

पेकॉक 1518 मध्ये वारला. मृत्युपत्रात त्याने आपल्यासाठी खूप राबलेल्या विणकरांना, कापड तुडवणाऱ्यांना आणि लव कातरणाऱ्यांना प्रत्येकी तीन शिलिंग चार पेन्स ठेवले होते. हे वाचून बाहेर आलो आणि पुन्हा तुळईखाली थांबलो. बाळाचे फोटो काढले पाच-सहा. परतीची बस गाठायच्या घाईत सगळेच हलले. एकातही पाय नीट आलेले नाहीत.